शंकाटेकडी

कोसमघाटच्या तलावाची पाळ उत्तरेकडे जिथं संपते, तिथं एक टेकडी लागते. फार उंच नाही. धडधाकट माणूस एका दमात चढतो. अंगानं गोल, माथ्यावर मोहाची चार झाडं. पायथ्याशी सरकारी पाटी आहे आणि तिच्यावर ‘शंकर टेकडी’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. ती वाचून बाहेरगावची माणसं चपला काढतात, नारळ घेऊन वर जातात आणि वर पिंड नाही, नंदी नाही, साधी घंटासुद्धा नाही, असं पाहून एकमेकांच्या तोंडाकडे बघत खाली उतरतात. पाटी रंगवणाऱ्याला गावानं खरं नाव सांगितलं होतं म्हणे. पण टेकडीचं असलं नाव असेल यावर त्याचा विश्वास बसेना. त्यानं आपल्या मनानं एक काना खोडला, एक ‘र’ जोडला आणि देवाची सोय करून टाकली. गावानंही ती पाटी पुसली नाही. नारळ फुटतो, प्रसाद मिळतो, कशाला उगाच बोला.

खरं नाव शंकाटेकडी. आजूबाजूचे सगळे डोंगर मुरमाचे आणि खडकाचे आहेत. या टेकडीत मात्र हवं तेवढं खणा, वाटाण्याएवढा खडा हाती लागणार नाही. नुसती काळी मऊ माती आणि तिच्यात शिंपल्यांचे बारीक तुकडे. कोरड्या टेकडीत शिंपले कुठून आले, असं चौकस पाहुणे विचारतात. त्याचं उत्तर तलावात आहे, म्हणून आधी तलावाचं ऐकायला हवं.

हा तलाव गोंड राजांच्या अमदानीत बांधला गेला असं सांगतात. बांधणारा कोहळी, म्हणजे तलाव बांधणाऱ्या जातीतला होता, आणि पाण्याची वाट ओळखावी ती कोहळ्यानंच. त्यानं दोन डोंगरांच्या मध्ये मुरमाड मातीची पाळ घातली आणि पाळीपासून वीस-पंचवीस हातांवर, तलावाच्या सगळ्यात खोल जागी, दगडाचा पोकळ खांब उभा केला. या खांबाला आमच्याकडे तुडुम म्हणतात. तुडुमाला एकाखाली एक अशी सात भोकं होती. दोन भोकांत कमरेएवढं अंतर, आणि प्रत्येक भोकात बीजा नावाच्या झाडाच्या टणक लाकडाची खुंटी ठोकलेली. पाऊस गेला की सगळ्यात वरची खुंटी काढायची. पाणी भोकातून तुडुमात, तुडुमातून पाळीखालच्या पाटात आणि पाटातून धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमध्ये जायचं. आठ दिवसांनी पाणी त्या भोकाखाली उतरलं की पुढची खुंटी. सातवी निघेपर्यंत दिवाळी होऊन जायची आणि धान पिकून पिवळं व्हायचं. गावाचं सगळं गणित या सात खुंट्यांवर होतं.

खुंट्या काढायचा मान एकट्या पाणकराचा. पाळीपासून तुडुमापर्यंतच्या पाण्यात त्याच्याशिवाय कुणी पाय घालायचा नाही. त्यानं डोंग्यातून जावं, बुडी मारावी, खुंटी काढून वर धरावी आणि पाळीवर जमलेल्या गावानं ती पाहून हात जोडावेत, अशी रीत होती. त्या कोहळ्यानं आणखी एक शहाणपण केलं होतं. पाणकराला कामाबद्दल जी बांधी दिली, ती मुद्दाम पाटाच्या अगदी शेपटाला दिली. गावाच्या सगळ्या बांध्या भिजल्याशिवाय त्याची भिजायची नाही. अशा माणसाला पाणी चोरून काय मिळणार?

एवढा विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र केली नाही. त्यांनी तलावाचा तळ कधी मोजला नाही. तलाव म्हणजे गावाची आई, आणि आईचं पोट मोजायचं नसतं, मोजलं तर आटतं, अशी समजूत होती. सांडव्यावरून पाणी वाहू लागलं की तलाव भरला. वरून भरला म्हणजे सात खुंट्या भरला. खाली किती आहे, हा प्रश्नच वाईट समजला जायचा.

पुढं सात-आठ पिढ्यांनी डोमा धीवर पाणकर झाला. त्याचा बापही पाणकरच होता. डोमा अबोल माणूस. दहा गोष्टी विचारल्या तर एकीचं उत्तर देणार, तेही मान हलवून. त्याची बायको रेवता वैनगंगेकाठची. पोहणं तिला चालण्याआधी आलं असेल. बोलायला चटकन, डोळ्यानं तिखट. घरात भांडं जागचं हललं तरी तिच्या ध्यानात यायचं. हीच तिची नजर पुढं तिला महागात पडली.

ही गोष्ट घडली त्या वर्षी पाऊस पोळ्यानंतर चार दिवसांत गेला, तो परत फिरकलाच नाही. पण तलाव त्याआधीच सांडव्यावरून वाहू लागला होता, त्यामुळं गाव निर्धास्त होतं. कोसमघाटची माणसं भारी धान लावायची. लांब दाण्याचं, वासाचं, दिवाळी ओलांडून पिकणारं. पाणी जास्त लागायचं, पण सात खुंट्यांचं पाणी उशाला असताना भ्यायचं कशाला? डोमानं पहिली खुंटी काढली, दुसरी काढली, रीतीप्रमाणं पाचवीही काढली. धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या. आता दाणा भरायला दोन खुंट्यांचं पाणी हवं होतं.

डोमानं सहावी खुंटी काढून दाखवली. गावानं हात जोडले. पाटाला मात्र करंगळीएवढी धार आली, दुसऱ्या दिवशी तीही तुटली. शेपटाकडच्या वीस बांध्यांना भेगा पडू लागल्या. आणि इकडे तलावात पाहावं, तर डोळा जाईल तिथवर पाणीच पाणी! कमळं फुललेली, बदकं तरंगतायत, वाऱ्यानं लाटा उठतायत. एवढं पाणी डोळ्यांसमोर आणि पाट कोरडा, म्हटल्यावर कुणाच्याही मनात पाल चुकचुकणारच. कुठं तरी पाणी मुरत होतं, आणि पाण्याला हात लावणारा माणूस एकच होता.

पाळीच्या पलीकडे, उताराच्या अंगाला उमरपार नावाचं गाव आहे. डोमाची बहीण तिथं दिली होती. उमरपारचं धान त्या वर्षी हिरवंगार होतं. ते हलकं धान होतं, कमी पाण्यात आणि लवकर पिकणारं. पण हे डोकं शांत असताना सुचतं. कोसमघाटला हिरवा रंग दिसला आणि बहीण आठवली, तेवढ्यावर भागलं.

रेवताला पहिली चाहूल विहिरीवर लागली. ती गेली की बाया बोलायच्या थांबायच्या. मग एक दिवस एकीनं तिच्या घागरीकडे बघत विचारलं, “रेवताबाई, उमरपारचं धान पायलं का वं? लय पाणी पिऊन रायलं म्हणतेत.”

रेवता तडकून म्हणाली, “आमची बांधी सगळ्यांच्या आधी वाळून रायली, ते नाई दिसत का तुमाले?”

“तेच त म्हणतो बाई. सोताची बांधी वाळवून कोणाची भिजवून रायला तो?”

या बोलण्याचा तिला राग आला, आणि घरी येईतो त्या रागाखाली भीती येऊन बसली. कारण लोकांना जे दिसत नव्हतं ते तिला दिसत होतं. डोमा रोज पहाट फुटली की तलावावर जायचा. खुंटी काढायची नसली तरी जायचा. परत यायचा तेव्हा त्याच्या कोपरांना आणि गुडघ्यांना काळा चिखल असायचा, नखं चिखलानं भरलेली असायची. घरामागं जाऊन तो हात खसाखसा धुवायचा आणि धुतलेलं पाणी पायानं मातीत मिसळून टाकायचा.

एक दिवस तिनं विचारलंच. “अवो, गुडघ्याले चिखल कायचा?”

“तलावातला. आणखी कायचा?”

“तुडुमापाशी त तुमी पोहता. मंग गुडघे कोठं टेकले?”

डोमानं तिच्याकडे पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं. “भात वाढ,” एवढंच म्हणाला.

नवऱ्यावर संशय घेणं कुणाला आवडतं? रेवतानं तो मनातून झाडून काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण संशय एकदा घरात शिरला की त्याला रोज नवं काही खायला मिळतं. तिसऱ्या दिवशी तांदूळ काढायला तिनं कोठीत हात घातला आणि तळाशी लाकूड लागलं. काढून पाहिलं तर खुंटी. बीजाच्या लाकडाची, तुडुमाच्या भोकाच्या मापाची, आणि ताजी तासलेली. चोळून चोळून तिला शेवाळ लावलं होतं, जुनी दिसावी म्हणून.

रेवता खुंटी मांडीवर घेऊन विचार करू लागली. खोटी खुंटी कशाला लागते? खरी आधीच काढलेली असते तेव्हा. म्हणजे हा माणूस गावाच्या आधी, गावाच्या पाठीमागं भोक उघडतो, पाणी जायचं तिथं जातं, आणि मग गावासमोर ही खोटी वर धरतो. तिनं हिशेब असा जुळवला, आणि तो इतका चोख जुळला की तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती त्याच्या मागं गेली. पाळीखाली लव्हाळं माजलेलं होतं, त्यात बसली. डोमा तुडुमापाशी पाण्यात होता. मुंडकं तेवढं वर. बराच वेळ तो खाली जात होता, वर येत होता. वर आला की मूठ मिटलेली असायची आणि ती तो डोंग्यातल्या टोपल्यात रिकामी करायचा. मग त्यानं चारी बाजूंना पाहिलं, डोंगा वल्हवत पाळीच्या उत्तर टोकाला नेला आणि टोपलं उचलून झुडपांमागं गेला. तो घरी गेल्यावर रेवतानं झुडपं बाजूला केली. तिथं ओल्या काळ्या चिखलाचा ढीग होता, तिच्या खांद्याएवढा. एका दिवसाचं ते काम नव्हतं, एका वर्षाचंही नव्हतं. खालचा चिखल वाळून दगडासारखा झाला होता.

तिनं त्याच्यातून एकच अर्थ काढला. पाळीखालून उमरपारच्या अंगाला बोगदा खणला जातोय, आणि ही त्याची माती आहे. बोगद्याची माती पिवळी मुरमाड निघायला हवी होती, पाळ मुरमाची आहे. नदीकाठच्या पोरीला हे कळायला हवं होतं. पण नवरा चोर असल्याची खात्री झालेल्या बाईला मातीचा रंग दिसत नाही.

आता तिच्यापुढं दोनच वाटा होत्या. गप्प बसावं, तर गावाचं पीक जातं आणि तिच्या ताटात चोरीचा भात येतो. बोलावं, तर नवरा जातो. पाणी चोरणाऱ्याला घरदारासकट गावाबाहेर काढायची रीत होती, म्हणजे तीही गेलीच. पाळीवर एक आख्खी दुपार बसून तिनं ठरवलं म्हणे, की जे खरं असेल ते एकदाचं उघड्यावर येऊ दे.

सातव्या खुंटीचा दिवस उजाडला. सगळं गाव पाळीवर जमलं. पुढं लाखन पाटील उभा होता. सत्तरीचा, ताठ, आवाजाचा मोठा, त्याच कोहळ्याच्या वंशातला. त्याचीही बांधी वाळत होती. डोमा डोंग्याकडे निघाला तेव्हा पाटलानं त्याला थांबवलं.

“का गा डोमा, पाणी दिसून रायलं अन् बांधीत येत नाई. हे काय गौडबंगाल हाय?”

डोमाचा हात कमरेकडे गेला. त्याच्या पंच्याच्या ओच्यात काही तरी जड होतं. तेवढ्यात रेवता गर्दीतून पुढं आली. तिनं कोठीतली खुंटी पाटलाच्या पायाशी टाकली आणि नवऱ्याच्या ओच्याकडे बोट दाखवून म्हणाली, “दुसरी तेथं हाय. विचारा त्याईले, ह्या कायले घडवल्या.”

गावानं ओचा सोडला. दुसरी खुंटी निघाली. मग जो गलका उठला तो उमरपारपर्यंत ऐकू गेला असेल. कुणी थुंकलं, कुणी धावून आलं. डोमानं कुणाकडे पाहिलं नाही, फक्त बायकोकडे पाहिलं. रागानं नाही. ओझं दुसऱ्यानं उतरवावं तसा तो जरा मोकळा झालेला दिसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा गावापुढं चार वाक्यं बोलला.

“तळ वर आला जी. सातवी खुंटी माझ्या बापाच्याच वक्ताले चिखलात गेली. सहावीबी बुडाली आता. मी पाच खुंट्यांचं पाणी सातात वाटून रायलो होतो. अर्धी खुंटी उघडाची, थोडं पाणी मागं ठेवाचं, मंग खोटी खुंटी दाखवून तेच सोडाचं. औंदा पाऊस लवकर गेला, मंग नाई पुरलं.”

“अन् हे आताच सांगून रायला का?” पाटील ओरडला.

“बापानं सांगतलं होतं जी, एकडाव. तुमच्या बापानं याच पाळीवर त्याच्या मुस्काटीत मारली. आईचं पोट मोजतं का म्हणे. तवापासून आमी पोहाचं सोंग करतो. तेथं कमरेएवढंच पाणी हाय.”

कमरेएवढं! त्या अफाट दिसणाऱ्या पाण्याकडे सगळ्यांनी पाहिलं आणि एकालाही ते पटलं नाही. डोळ्यांना दिसतं ते खोटं आणि चोर सांगतो ते खरं, असं कोण मानणार? रेवतालाही पटलं नाही. गुडघ्याचा चिखल तिला तेव्हा आठवला, पण झुडपामागचा ढीग त्याच्याहून मोठा होता.

पाटील म्हणाला, “खुंटी नको दाखवू आता. पाणी दाखव. सातव्या भोकाचं पाणी पाटात आलं त खरा. नाई आलं त सूर्य डुबाच्या आत गावाबाहेर.”

डोमानं मान हलवली. तो पाण्यात उतरला, तुडुमापाशी गेला, आणि या खेपेला त्यानं सोंग केलं नाही. सरळ उभा राहिला. तलावाच्या सगळ्यात खोल जागी, सगळ्या गावासमोर, डोमा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. पाळीवरची माणसं एकमेकांना ढकलत पुढं सरकली. तरी कुणी तरी म्हणालंच, गोट्यावर उभा असेल.

मग तो खाली गेला. वर आला तेव्हा दोन्ही मुठींत चिखल होता, तो त्यानं लांब फेकला. पुन्हा खाली गेला. सकाळ सरली, ऊन डोक्यावर आलं. तुडुमाच्या बुडाशी त्यानं चिखलात विहिरीसारखा खड्डा केला. आधी तो खाली गेला की पाठ दिसायची, मग पाठही दिसेना, बुडबुडे तेवढे दिसायचे. एकदा वर येऊन त्यानं तुडुमाला मिठी मारून दम घेतला. त्याचे ओठ निळे पडले होते. ‘राहू द्या, या वर’ म्हणायला रेवता पाण्याच्या काठापर्यंत गेली. मग तिथंच थांबली. अजून तिला पाहायचं होतं. डोमा पुन्हा खाली गेला.

पाळीखाली घरघर झाली. तुडुमाच्या पोटातून आधी काळा लोंढा आला, चिखलाचा, कुजलेल्या पानांचा, आणि त्याच्यामागं पाणी. पाट दोन्ही काठ भरून धावू लागला. दोन पिढ्या मुक्या असलेल्या भोकातून पाणी येत होतं. गावाचं भान गेलं. बाया, बाप्ये, म्हातारी माणसं पाण्याच्या बरोबरीनं पाटाकाठी पळत सुटली, ओरडत, हसत, वाळल्या बांध्यांची तोंडं फोडत. पाटीलसुद्धा धोतर सावरत पळाला.

पाळीवर रेवता एकटी राहिली. ती पाण्याकडे बघत नव्हती. ती लव्हाळ्याकडे बघत होती. ज्यानं इतकी वर्षं सगळ्या गावाला फसवलं, त्यानं या गडबडीत पाण्याखालून सूर मारला असेल, पलीकडच्या काठाला डोकं वर काढलं असेल आणि बहिणीच्या गावाची वाट धरली असेल. आता लव्हाळं हलेल, मग हलेल, असं म्हणत ती बघत राहिली. जेवढा वेळ ती लव्हाळ्याकडे बघत होती, तेवढ्या वेळात एखादा माणूस वाचला असता की नाही, हे सांगता येत नाही. तिनं मात्र स्वतःला तो वेळ कधी माफ केला नाही.

पाटील परत आला. “कोठं गेला तो?”

“पळाला असंल,” रेवता म्हणाली. आणि हे शब्द स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर तिला कळलं, की लव्हाळं एकदाही हललेलं नाही. ती नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात उतरली. रीत मोडली म्हणून पाटलानं हाक मारली, ती तिनं ऐकली नाही.

तुडुमापाशी तिचे पाय चिखलाला टेकले. कमरेएवढं पाणी होतं. तिनं पाण्यावर उघडी पडलेली भोकं नजरेनं मोजली आणि पाचवं हातानं चाचपलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्याच्या खाली सहाव्या भोकाची वरची कड, आणि पुढं खड्डा, त्याच्या कडा ढासळून आत घसरलेल्या. ती श्वास कोंडून आत गेली. चिखलात हात खुपसत खुपसत तिला आधी त्याचा पाय लागला. खुंटी निघाल्याबरोबर भोकानं त्याचा हात खांद्यापर्यंत आत ओढून घेतला होता आणि वरून चिखल कोसळला होता. डोमा कुठं पळाला नव्हता. सगळं गाव हसत पळत होतं तेव्हा तो तिथंच होता.

पाटलानं आणि चौघांनी मिळून त्याला वर काढलं. दुसऱ्या हाताच्या मुठीत सातवी खुंटी होती. काळी, जुनी, डोमाच्या बापानं शेवटची ठोकलेली. रेवता रडली नाही. ती पुन्हा पाण्यात गेली, तळाचा चिखल मूठभर घेऊन आली, झुडपं मोडत उत्तरेच्या ढिगापाशी गेली आणि मूठ त्यावर टाकली. मागं आलेल्या गावाला तो ढीग आत्ता दिसला. एकट्या माणसानं, कुणाला न सांगता, आई उथळ होऊ नये म्हणून मुठीमुठीनं उपसलेला चिखल.

“माझी शंका होती,” ती म्हणाली. “हे तिची मूठ. आणखी कोणाले शंका असंल त त्यानं खाली उतरावं अन् तळाले हात लावून यावं.”

 मग लाखन पाटलानं पागोटं काढून पाळीवर ठेवलं आणि तो म्हातारा पाण्यात उतरला. वर आला तेव्हा त्याची दाढी चिखलानं भरली होती. त्यानं मूठ ढिगावर टाकली. त्याच्यामागं सगळं गाव उतरलं, विहिरीवर बोललेली बाईही उतरली. शेपटाच्या बांध्या त्या पाण्यावर पिकल्या, डोमाचीही पिकली असं सांगतात.

पुढं अकरा उन्हाळे गावानं तळ उपसला, तेव्हा कुठं सातही भोकं मोकळी झाली. तेवढ्या चिखलाची ही टेकडी. तिला शंकाटेकडी हे नाव रेवतानंच दिलं. गाव ‘डोमाटेकडी’ म्हणायला निघालं होतं, तिनं म्हणू दिलं नाही.

पुढच्या काळात सरकारनं सांडवा दोन वीत उंच केला. पाण्याचा पसारा वाढला, अधिकारी म्हणाले तलाव मोठा झाला. कोसमघाटच्या लोकांनी मान हलवली आणि खोली मोजायला ते बांबू घेऊन तुडुमापाशी गेले. आता तिथं लोखंडी चाकाचं दार आहे, खुंट्या उरल्या नाहीत. मोजायची भाषा मात्र उरली. तलावाच्या सरकारी पाटीवर साठवणक्षमतेचा एक आकडा रंगवलेला आहे, तो वर्षानुवर्षं तोच असतो. गावाचा आकडा दर वर्षी बदलतो. ‘औंदा सहा खुंट्या अन् चार बोटं’ असं पाळीवर मोठ्यानं सांगितलं जातं, आणि त्यावरून ठरतं की भारी धान लावायचं की हलकं. पाणी कमी निघालं तर पाणकराकडे कुणी डोळे वटारून बघत नाही. बघायचं असेल तर आधी उतरावं लागतं.

आजही उन्हाळ्यात तळ उघडा पडला की कोसमघाटच्या दर घरचं एक माणूस तलावात उतरतं आणि हातानं एक मूठ चिखल काढून टेकडीवर टाकतं. ट्रॅक्टर नंतर लागतात. पहिली मूठ रेवताच्या नावाची, दुसरी लाखन पाटलाच्या घरची, मग सगळ्यांची. डोमाच्या नावाची मूठ कुणी टाकत नाही. नवखा माणूस हटकून विचारतो, की ज्याचा जीव गेला त्याचीच मूठ कशी नाही? तेव्हा जुनी माणसं रेवताचे शब्द सांगतात, तिनं म्हातारपणी शेवटची मूठ टाकताना काढलेले:

“त्याच्या वाटचा चिखल त्यानं जितेपणीच आणून टाकला. म्या तो डोळ्यानं पायला, अन् त्याले चोर म्हटलं.”